चालती बाग आणि नवी कलमे



गेल्या हिवाळ्यात काटोलकडील एक तरुण परिचित माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आले. संत्राबागायतीची माहिती मराठीत देणारे, आठ-नऊ वर्षे चाललेले एक संकेतस्थळ विक्रीस निघाले होते; ते खरेदी करावे, की तेवढेच द्रव्य खर्चून त्याच विषयाचे आपले स्वतंत्र स्थळ उभारावे, हा त्यांच्यापुढील पेच होता. साधन नवे असले तरी हा पेच मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या चांगल्या ओळखीचा आहे.

जानेवारी १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर, त्या पत्राचा वाचक घडविण्यात ज्यांचा हात होता त्या आगरकरांनाच, सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेल्यावर, १८८७ मध्ये ते संपादकत्व सोडावे लागले, आणि पुढल्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. इकडे त्या सहकाऱ्यांपैकी टिळकांनी पुढे ‘केसरी’ची मालकी स्वतःकडे घेतली ती त्यावरील कर्जाच्या बोजासह. या दोन निर्णयांपैकी शहाणपणाचा कोणता, हे नुसत्या जमाखर्चावरून ठरविणे मला अन्यायाचे वाटते. कारण टिळकांना जे सांगावयाचे होते ते ऐकण्यास ‘केसरी’चा वाचक उत्सुक होता, म्हणून कर्ज पत्करूनही तो सौदा त्यांच्या हिताचा होता, आणि आगरकरांना जे सांगावयाचे होते ते त्या वाचकातील पुष्कळांना अप्रिय होते, म्हणून ते पत्र त्यांच्या हाती फुकट आले असते तरी त्यांना आपला वाचक नव्यानेच घडवावा लागला असता.

आपल्या विदर्भात तिसरा प्रकारही घडला आहे. यवतमाळास बापूजी अणे यांनी चालविलेले ‘लोकमत’ बंद पडल्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी तेच नाव घेऊन पत्र पुन्हा सुरू केले, आणि डिसेंबर १९७१ पासून त्याच नावाचे दैनिक नागपुरातून निघू लागले. येथे जुनी होती ती नावाची पुण्याई. बाकी सर्व उभारणी नवी.

आता त्या संकेतस्थळाकडे वळू. जाणता बागायतदार जुनी बाग घेताना फळे मोजण्यापूर्वी बुंध्याजवळची माती उकरून डिंक्या रोग लागला आहे काय हे पाहतो; येथेही तसेच करणे भाग होते. विक्रेत्याने दाखविलेले वाचकसंख्येचे आकडे आंबिया बहराच्या ऐन महिन्यांचे होते. मी दोन्ही बहरांचे, निदान दोन वर्षांचे आकडे मागण्यास सांगितले. ते आले तेव्हा दिसले की स्थळाचे नाव लक्षात ठेवून थेट येणारे वाचक थोडे, बहुतेक गूगलच्या शोधातून वाट काढीत येणारे. म्हणजे उद्या गूगलने आपला क्रम बदलला की ओसरी रिकामी. उत्पन्नाचा तपशील पाहता ते जवळजवळ सारे कीटकनाशकांच्या जाहिरातींचे निघाले.

कायद्याची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने व्यवसायास मज्जाव करणारा करार निरर्थक ठरतो. मात्र धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्यावर, ठरावीक स्थानिक मर्यादेत तोच धंदा न करण्याचे वाजवी बंधन खरेदीदारास घालता येते. दुकानाच्या बाबतीत ही मर्यादा सीताबर्डीपुरती की साऱ्या नागपूर शहरापुरती, हे दस्तऐवजात लिहिता येई. ज्याचा वाचक वरुडास आहे तसाच पुण्यासही आहे, त्या संकेतस्थळाची स्थानिक मर्यादा कोणती लिहावी? खरेदीखतावर सही करून विक्रेता महिन्याभरात दुसऱ्या नावाने तेच लेखन सुरू करील, ही भीती मला मुळीच काल्पनिक वाटत नाही. जो हात लिहितो तो ताब्यात येत नसेल तर किमतीचा मोठा भाग वाया गेला असे समजावे.

तरीही मी त्या तरुणास सरसकट नकार दिला नाही. संत्र्याच्या नव्या कलमांना फळ धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात, आणि तेवढा धीर व तेवढे भांडवल प्रत्येकापाशी असतेच असे नाही. मी एवढेच विचारले, की तुम्हांस लिहावयाचे आहे ते काय? ते म्हणाले, फवारणीचा खर्च निम्म्यावर कसा आणावा हे मला सांगावयाचे आहे. आमच्या गावातील कर्ज त्या खर्चातून वाढते. हे ऐकताच माझ्यापुरता निवाडा झाला, कारण ज्या जाहिरातदारांच्या पैशावर ते जुने स्थळ उभे होते, त्यांच्याच विरुद्ध या तरुणाची लेखणी पहिल्या दिवसापासून चालणार होती. खरेदी केलेले उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या हातून बुडाले असते.

मृगाच्या पहिल्या पावसात त्यांनी स्वतःचे स्थळ सुरू केले. वाचक अजून मोजके आहेत. परंतु एखादा लेख पुरता कळला नाही तर त्यांपैकी काहीजण दूरध्वनी करतात, आणि तो फोन पुष्कळदा रात्री, वीज आल्यावर, बागेतून येतो.