शाळा झालेले मुंबईचे जहाज



गिरगावातील एका शाळेत मी अनेक वर्षे इतिहास शिकविला. इंग्रजांच्या आरमाराचा धडा चालू असता मी एकदा म्हणालो, "त्यांना जहाजे बांधता येत होती, आपणांस येत नव्हती." तोच लालबागेहून येणारा एक मुलगा उभा राहिला. "सर, माझे आजोबा गोदीत सुतार होते. ते सांगत, साहेबाची मोठमोठी जहाजे पूर्वी इथेच बांधीत." "पुस्तकात नाही ते बोलू नये," असे म्हणून मी त्यास खाली बसविले. वर्ग हसला. मुलाचे खरे व मास्तराचे खोटे होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. आज त्यांतील एका जहाजाची हकीकत सांगून मी तो धडा दुरुस्त करणार आहे.

सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास मुंबईस आले व येथील गोदीत जहाजे बांधू लागले. त्यांच्या वंशजांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालविली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई पडली, तेव्हा तेथील आरमाराची दृष्टी मलबारच्या सागवानाकडे वळली. ओकातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल मात्र त्यांचे रक्षण करते. १८१६ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजानुसार कण्यात चांदीचा खिळा ठोकून एका युद्धनौकेचा आरंभ केला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. तिचे नाव 'ट्रिंकोमाली'.

१८१९ साली ती पोर्ट्समथला पोहोचली, परंतु तोवर युद्ध संपले होते. कित्येक वर्षे ती नुसती नांगरून पडली. पुढे १८४७ पासून दहा वर्षांच्या काळात तिने अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत चाकरी केली. १८९७ साली ती मोडीत निघाली असता व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती विकत घेतली. नेल्सनचे 'फूद्रॉयां' हे जुने जहाज त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी घेतले होते; ते त्याच वर्षी वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले. त्याचेच नाव त्यांनी या मुंबईच्या जहाजास दिले, आणि तेथे मुलांची शाळा भरू लागली. ती १९८६ पर्यंत चालली. युद्धासाठी बांधलेले जहाज शाळा म्हणून वाचले, याचा मास्तराला आनंद व्हावा हे स्वाभाविकच नव्हे काय?

१९८७ साली ते हार्टलपूल येथे नेले, १९९० मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले व २००१ साली काम पुरे झाले. कुजलेले तेवढे काढावे, धडधाकट ते राखावे, अशा रीतीने काम झाल्यामुळे त्याचे निम्म्याहून अधिक लाकूड अजून मूळचे आहे. युरोपात आज पाण्यावर तरंगणारी इतकी जुनी दुसरी युद्धनौका नाही.

ही नौका परसत्तेच्या तोफा वाहण्यासाठी बांधली, हे मी विसरत नाही. तथापि तासणी धरणारे हात येथले होते, आणि दोनशे वर्षांच्या खाऱ्या पाण्याने त्यांची साक्ष खोटी ठरविली नाही.

कोटातील ती गोदी आज आपल्या आरमाराकडे आहे. लायन गेटवरून जाताना मला तो मुलगा आठवतो. आजोबांचे ऐकून तो बोलला होता. मी ऐकले नाही. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी प्रत्येक फळी ठोकून पाहिली आणि मगच ती काढावी की ठेवावी हे ठरविले. माझ्यापुढे बोलणाऱ्या मुलाला तेवढीही संधी मी दिली नव्हती. श्रोत्यांत कोणी शिक्षक असतील, तर पुस्तकात नसलेले कोणी सांगू लागल्यास त्यास आधी पुरते बोलू द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.