चबुतऱ्यावरचे इंजिन



सभागृहात येण्यापूर्वी मी जरा लवकर निघालो आणि आपल्या स्टेशनाबाहेर चबुतऱ्यावर उभे असलेले वाफेचे इंजिन पाहून आलो. दोन मुले त्याच्या बफरवर बसून शेंगा खात होती. रंग नवा आहे, काळा कुळकुळीत. चाकांच्या कडांना पांढरे पट्टेही ओढले आहेत. मी खिशातली किल्ली काढली आणि पुढच्या बाजूला, धुराड्याखाली जी गोल धूरपेटी असते, तिच्यावर हळूच वाजवून पाहिले. वरच्या अंगाला खणखणीत आवाज आला. खाली तळाशी आला तो बद्द आवाज, मडके फुटके निघावे तसा. त्या बद्द आवाजाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती, हेही पुष्कळांना ठाऊक असेल. त्या तिघांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. काम संपले की इंजिन मोडीत काढावयाचे, तांबे-पितळ वेगळे करावयाचे आणि लोखंड भट्टीत घालावयाचे, हा जगभरचा रिवाज होता. त्याबद्दल त्या काळच्या माणसांना बोल लावण्यात अर्थ नाही. फाटलेली मोट आपण तरी कोठे देव्हाऱ्यात ठेवतो? पण गेले ते गेले, एवढे खरे.

बंगालमधल्या एका इंजिनाचे नशीब निराळे निघाले. इंग्लंडात लीड्स येथे किटसन यांच्या कारखान्यात १८५५ साली ते तयार झाले आणि त्याच वर्षी कलकत्त्यास आले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ क्रमांक दिला. हावडा ते राणीगंज अशा हलक्या टपालगाड्या त्याने ओढल्या. १८५७च्या धामधुमीत त्याच्याकडून फौजेची वाहतूकही करून घेतली गेली. हेच पुढे ‘फेअरी क्वीन’ म्हणून प्रसिद्धीस आले. १९०९ साली ते कामावरून निघाले. पण भट्टीत न जाता हावड्यास चबुतऱ्यावर चढले आणि १९४३ पर्यंत तेथे राहिले. नंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत, मग दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, असा त्याचा प्रवास झाला. १९९७ साली, म्हणजे ८८ वर्षांनी, त्यात पुन्हा वाफ धरली आणि ते दिल्लीहून अलवरला पर्यटकांची गाडी घेऊन गेले. जगातले सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. एवढी कीर्ती झाल्यावर तरी त्याची काळजी मिटावी! पण २०११ साली त्याचे पुष्कळसे भाग चोरीस गेले. दुरुस्त होऊन पुन्हा धावावयास २०१७ साल उजाडले.

मला सर्वांत अधिक शिकण्यासारखी वाटते ती ही चोरी. इंजिन वाचले, असे कोणत्याही दिवशी छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता कोणी म्हणेल, जे इंजिन उभे आयुष्य पावसात धावले, त्याला चबुतऱ्यावरच्या पावसाने काय होणार? प्रश्न बरोबर आहे, आणि सगळी मेख त्याच्या उत्तरात आहे. चालत्या इंजिनाच्या पोटात विस्तव होता. अंगावर पडलेले पाणी त्या उष्णतेने वाळून जाई. शिवाय रोज कोणी तरी त्याच्या अंगाला हात लावीत असे. क्लीनर ते पुसून काढी, फायरमन राख उपसून टाकी, ड्रायव्हर तेलाचा डबा घेऊन सांध्यासांध्यात वंगण घाली. ठराविक दिवसांनी बॉयलर आतून धुतला जाई. शेडचा फिटर हातोडी घेऊन ठोकून पाही. इंजिन सन्मानाने चबुतऱ्यावर चढवले जाते, त्या दिवशी विस्तव विझलेला असतो आणि हे सगळे हातही गेलेले असतात. मागे उरतात पाऊस आणि हारतुरे.

पाऊस काय करतो पाहा. धुराड्याचे तोंड आभाळाकडे उघडे. पाणी सरळ धूरपेटीत उतरते. तेथे जुनी काजळी आणि राख पडलेली असते. कोळशात गंधक असते, म्हणून ओली राख आम्ल बनते आणि पत्रा आतून खात सुटते. बॉयलरची गोष्ट याहून फसवी. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती जाड अस्तर असते आणि वरून पत्र्याचे आच्छादन. फटीतून शिरलेले पाणी त्या अस्तरात ओल्या गोधडीसारखे महिनोन्‌महिने राहते. बाहेर आपण रंग देतो तो आच्छादनाला. गंज चढतो तो आतल्या बॉयलरला. जुन्या अस्तरात पुष्कळदा अॅस्बेस्टॉस असते, तेव्हा उत्साहाच्या भरात ते कोणी हाताने उचकटू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ते काम जाणकारांकडूनच करून घ्यावे.

रंगाविषयी माझी थोडी तक्रार आहे. कोणी मोठे पाहुणे यावयाचे असले की गंजावरच एक हात फिरवला जातो. चाकांना जोडणारे दांडे कामाच्या दिवसांत उघडे, तेलकट, चकाकते ठेवीत. त्यांना आता चंदेरी रंग फासतात. त्या दांड्यांवर ठोकून उमटवलेले आकडे असतात. कोणता भाग कोणत्या इंजिनाचा, हे त्यांवरून कळते. थरावर थर चढले की ते बुजतात, आणि इंजिनाची जन्मपत्रिकाच पुसली जाते.

मग सगळीच इंजिने चालती करावी का? मला तसे वाटत नाही. चालवावयाचे म्हणजे बॉयलरच्या नळ्या बदलावयाच्या, पातळ झालेले पत्रे काढावयाचे, दाबाची परीक्षा द्यावयाची. देवळाचा जीर्णोद्धार होतो, तेव्हा पूजा चालू राहते, पण जुना दगड जातो. तसेच हे आहे. काही थोडी धावावीत, म्हणजे ती विद्या जिवंत राहील. बाकीची उभी राहावीत, पण नीट. माथेरानच्या गाडीसाठी १९०७च्या सुमारास जर्मनीहून आणलेल्या चार छोट्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे, एक इंग्लंडास गेले. जेथे असतील तेथे त्यांना छप्पर आणि तेलाचा डबा घेतलेला एक माणूस लाभावा, एवढेच मी मागेन.

आपल्या इंजिनाला छप्पर घालावयाचे तर पैसा लागेल, ठराव लागेल, दोन-तीन वर्षेही लागतील, हे मी जाणतो. धूरपेटीतली राख उपसण्याचेही दोन दिवसांचे काम आहे. पण मृग लागावयास आता फार दिवस उरलेले नाहीत. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचे झाकण बसवावयाचे असेल, तर एक शिडी, एक पत्रेवाला आणि एक दुपार एवढे पुरे आहे. परवानगी मात्र स्टेशनावर जाऊन आधी मागितली पाहिजे. माझी उद्याची गाडी अकराची आहे. कोणी बरोबर येणार असेल, तर दहाला मी तेथेच, त्या चबुतऱ्यापाशी असेन.