शिकाऊ उमेदवारी : चार हातांचे काम
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त युवक मेळाव्यात झालेले भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, 'शिकाऊ उमेदवारीत काय शिकावे?' माझं सगळं आयुष्य कारखान्याच्या शेडमध्ये गेलं. आधी स्वतः शिकाऊ उमेदवार, मग फिटर आणि शेवटची काही वर्षे नव्या मुलांना काम शिकवणारा. त्यामुळे मी काही विद्वत्तेचं भाषण करणार नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणार आहे.

आपल्या वस्तीतली मुले-मुली आयटीआय करतात, डिप्लोमा करतात आणि नंतर 'ॲप्रेंटिस' म्हणून लागतात. यासाठी १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. शिवाय २०२४ साली आपल्या राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. म्हणजे दार उघडं आहे. प्रश्न आत गेल्यानंतरचा आहे.

कायदा एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपली की नोकरी मिळेलच अशी हमी त्यात नाही. मग मुदत संपल्यावर गेटबाहेर पडताना तुमच्याजवळ काय असतं? एक प्रमाणपत्र, हातात बसलेलं काम आणि 'हा पोरगा भरवशाचा आहे' हे चार माणसांचं मत. पहिली वस्तू कागद आहे. दुसऱ्या ठिकाणी भाकरी मिळते ती बाकीच्या दोहोंवर.

आता सगळेच सांगतात की बाबांनो, गटाने काम करायला शिका, मिळूनमिसळून राहा. पण मिळूनमिसळून राहणं म्हणजे साहेब म्हणेल त्याला मान डोलावणं, असा अर्थ आपली पोरं घेतात. मी म्हणतो, तसं नाही. वेळेवर विचारता येणं आणि वेळेवर सांगता येणं, यालाच गटाने काम करणं म्हणतात.

उदाहरण सांगतो. चेन-पुलीवर जड गिअरबॉक्स खाली उतरवायचा आहे. एकजण साखळी ओढतो, दोघे बाजूने धरून वळवतात, एकजण इशारा देतो. 'चालू' म्हणायचा अधिकार त्या एकट्या इशारेवाल्याला. पण 'थांबा' म्हणायचा अधिकार कोणालाही, अगदी कालच लागलेल्या पोरालाही! आणि 'थांबा' ऐकलं की सगळ्यांनी थांबायचं. का थांबवलं हे नंतर विचारायचं. तिथं जर तो नवा पोरगा 'मी लहान, मी कसं बोलू' म्हणून गप्प राहिला, तर कोणाची तरी बोटं जातात. दुरुस्तीचंही तसंच. मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं आणि 'काम चालू आहे, स्विच लावू नये' अशी पाटी अडकवायची. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. ही शिस्त पाटीवर नाही, एकमेकांना सांगण्यावर उभी आहे.

मग आपला मुलगा गप्प का बसतो? हुशार नसतो म्हणून नव्हे. घरात कारखान्यात जाणारा तो पहिलाच. बोललो आणि चुकलो तर म्हणतील, 'याला काही येत नाही, हा कोट्यातून आलाय.' ही भीती त्याच्या मनात पक्की बसलेली असते. म्हणून 'समजलं का?' विचारलं की 'हो सर' म्हणतो आणि कोपऱ्यात जाऊन अंदाजाने काम करतो. व्हर्नियर कॅलिपर हातात असतो, ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप घ्यायचं असतं, पण आधी शून्य जुळतं की नाही हे बघायचं राहून जातं. जॉब बाद होतो आणि जे ऐकायची भीती होती तेच ऐकावं लागतं. मित्रांनो, विचारल्याने अब्रू जात नाही. न विचारता केलेल्या कामाने जाते.

म्हणून मी मुलांना 'समजलं का?' असं विचारणंच सोडून दिलं. मी म्हणायचो, 'आता तू मला सांग, तू काय करणार आहेस?' तो सांगायला लागला की कुठे अडलंय ते त्यालाही कळायचं आणि मलाही. तुमचा शिकवणारा असं विचारत नसेल, तर तुम्हीच म्हणा, 'साहेब, मी असं असं करणार आहे, बरोबर आहे ना?' एवढ्या एका वाक्याने निम्मं काम सोपं होतं, बरं का!

दुसरी सवय, बिघडलं तर लगेच सांगा. सकाळी सांगितलेली गोष्ट दुरुस्त होते, संध्याकाळी लपवलेली सापडते.

तिसरी, पाळी बदलताना काम हवाली करा. किती झालं, काय राहिलं, कोणता नट नुसता हाताने लावलाय आणि पान्याने आवळलेला नाही, हे पुढच्या माणसाला तोंडाने सांगा आणि दाखवा. घड्याळ बघून पिशवी उचलणारा माणूस हुशार असला तरी कोणाला जोडीला नको असतो.

चौथी, रोजची डायरी लिहा. आज कोणतं काम केलं, कोणतं हत्यार वापरलं, काय अडलं, चार ओळी पुरेत. शिकाऊ उमेदवाराने कामाची नोंद ठेवायचीच असते. पण ती मुदतीच्या शेवटी एका रात्रीत बसून दुसऱ्याची उतरवू नका.

ही डायरी आणखी एका ठिकाणी कामी येते. काही ठिकाणी शिकाऊ मुलांना चहा आणायला आणि गोदाम झाडायला लावतात. मशीन पुसून ठेवणं, जागा झाडणं हा कामाचाच भाग आहे, त्यात लाज नाही. सगळे झाडतात तर आपणही झाडावं. पण एकाच्याच हातात रोज झाडू येत असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. एका कारखान्यात टर्नरच्या दोन मुलींना लेथ सोडून ऑफिसात फायली लावायला बसवलं होतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. महिनाभर रोजची नोंद ठेवली आणि अभ्यासक्रमाचा कागद शेजारी ठेवून दोघी मिळून मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात लेथवर गेल्या. एकटी गेली असती तर कदाचित परत पाठवली असती. साहेबांनी ऐकलं नसतं, तर शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या कार्यालयात लेखी अर्ज करायची वाट होतीच. यालासुद्धा मी गटाचं कामच म्हणतो.

आता दोन शब्द मोठ्यांसाठी. आपल्यापैकी पुष्कळजण आज कारखान्यात, डेपोत, दवाखान्यात, ऑफिसात वरच्या जागेवर आहेत. तुमच्या हाताखाली पोर येतं तेव्हा तुम्ही काय करता? काहीजण हातचं राखून शिकवतात, उद्या हाच माझ्या डोक्यावर बसेल म्हणून. भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात शिष्याची पाच कर्तव्ये सांगितली, तशी आचार्याचीही पाच सांगितली आहेत. शिष्याला शिल्प, म्हणजे कला-कसब, पूर्णपणे शिकवणं हे त्यात आहे आणि मित्रमंडळींत त्याच्याबद्दल चांगलं बोलणं हेही आहे. आपण पहिलं अर्धवट करतो आणि दुसरं विसरतो. ज्या शेडमध्ये विचारणाऱ्याला हसतात, तिथली पोरं विचारणं बंद करतात. मग 'नवी पिढी कामाची नाही' असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

माझी समितीला एक नम्र सूचना आहे. महिन्यातल्या एका रविवारी विहारात शिकाऊ मुला-मुलींची बैठक घ्यावी. काम करणाऱ्या दोन-तीन अनुभवी माणसांनी यावं. मुलांनी डायऱ्या आणाव्यात आणि कामावर जे विचारायची हिंमत झाली नाही ते इथे विचारावं. एखादा व्हर्नियर, एखादा मायक्रोमीटर विकत घेऊन ठेवावा. फार खर्चाचं काम नाही. इथे आपल्या माणसांत तोंड उघडलं की तिथेही उघडेल. मुलींच्या आईवडिलांनाही बोलवावं, म्हणजे मुलगी कुठे जाते, काय करते हे त्यांना कळेल आणि दोन महिन्यांत काम सोडायला लावणार नाहीत. या बैठकीसाठी मी माझे रविवार द्यायला तयार आहे.

तरुण मित्रांनो, उद्या कामावर जाल तेव्हा आणखी काही जमलं नाही तरी चालेल, एक प्रश्न मात्र विचारून या.