कागद कुणाच्या नावाचा?



अमेरिकेतल्या मुलीचा फोन आला की आपण विचारतो, थंडी किती आहे, मेथी मिळते का, नातू मराठी बोलतो का. व्हिसाचं काय झालं, हे मात्र आपण जावयाला विचारतो. ते सहज होतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मुलीलासुद्धा त्यात वावगं वाटत नाही, कारण तिचा व्हिसा खरोखरच जावयाच्या व्हिसाला टाचलेला असतो. त्याची नोकरी गेली तर तिचं तिथलं राहणं गेलं. घटस्फोट झाला तर तिचा व्हिसाही संपला.

आज मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या एका खासदार बाईंबद्दल. हे टाचलेपण त्यांनी राजकारणात ठासून मांडलं. प्रमिला जयपाल. 1965 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये जन्म, बालपण इंडोनेशियात, आणि 1982 मध्ये, सोळाव्या वर्षी, एकटीनंच अमेरिकेला शिकायला प्रयाण. आईवडिलांनी जवळची सगळी पुंजी तिच्या शिक्षणात घातली. अमेरिकी नागरिकत्व मिळायला 2000 साल उजाडलं. म्हणजे सोळाव्या वर्षी विमानात बसलेली मुलगी चौतिशीत पोचली, तेव्हा कुठे तिला मतदानाचा हक्क मिळाला. मधली बरीच वर्षं या व्हिसावरून त्या व्हिसावर.

त्यातला एक प्रसंग त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेला आहे. ग्रीन कार्ड हातात असताना त्या एका अभ्यासवृत्तीवर दोन वर्षं भारतात राहायला आल्या होत्या. इथेच त्यांचं मूल जन्मलं, तेही साडेसव्वीस आठवड्यांचं. वजन एक किलोसुद्धा नाही. त्या जिवाला विमानप्रवास करवणं शक्यच नव्हतं. पण ग्रीन कार्डवाल्यानं ठरलेल्या मुदतीत परत यावं, असा नियम. नियमाला काचेच्या पेटीतलं बाळ दिसत नाही. नवरा अमेरिकी नागरिक होता म्हणून पुढे मार्ग निघाला, पण नागरिकत्वासाठी मोजली जाणारी वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अमुक महिने देशाबाहेर राहू नये, ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल? कामानिमित्त परदेशी गेलेला एखादा पुरुष असेल. बाळंतीण नक्कीच नसेल.

तिथल्या स्थलांतराच्या कायद्यात बाई किती काळापासून अशी अडकून पडली आहे, ते ऐकून आश्चर्य वाटेल. परदेशातून येणाऱ्यांना अडवणारा अमेरिकेचा पहिला मोठा केंद्रीय कायदा 1875 चा, पेज कायदा. त्याचा मुख्य मारा झाला चिनी बायकांवर. त्या वेश्याव्यवसायासाठीच येत असणार असं धरून चालायचं आणि त्यांना बंदरातच अडवायचं. मग 1907 चा कायदा आला. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकी बाईचं नागरिकत्व त्यानं काढून घेतलं. 1922 मध्ये तो सैल झाला, पण आशियाई नवरा असेल तर शिक्षा कायम राहिली. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही, असा निकाल लागला आणि त्याची झळ हिंदी क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या घरात पोचली. त्यांच्या पत्नी मेरी अमेरिकेतच जन्मलेल्या. तरी नागरिकत्व गेलं. आपल्याच देशात परक्या झाल्या त्या, केवळ कुंकू हिंदी माणसाच्या नावाचं लावलं म्हणून. हे कलम जायला 1931 साल यावं लागलं.

आता जयपाल यांच्याकडे परत येऊ. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर तिथे शीख, अरब, मुसलमान, सोमाली माणसांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा सिएटलमध्ये त्यांनी एक संस्था काढली. ती आज वनअमेरिका या नावानं ओळखली जाते. चार हजारांवर सोमाली लोकांची हकालपट्टी रोखण्यासाठी या संस्थेनं सरकारला कोर्टात खेचलं, आणि जिंकलं. म्हणजे निवडणुकीच्या आधीची दहा-बारा वर्षं समाजाच्या कामात गेलेली. 2014 साली त्या वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या आणि 2016 मध्ये थेट अमेरिकी प्रतिनिधिगृहावर. तिथे पोचलेल्या त्या भारतीय वंशाच्या पहिल्या स्त्री.

माझ्या मते या बाईंचं वेगळेपण 2018 च्या जूनमध्ये दिसलं. मेक्सिकोच्या सीमेवर त्या वेळच्या सरकारनं कडक धोरण लावलं होतं. विनापरवाना सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर खटला. आईबाप तुरुंगात आणि तुरुंगात मुलं ठेवता येत नाहीत म्हणून मुलं दुसरीकडे. अशा शेकडो जणांची रवानगी सिएटलजवळच्या एका केंद्रीय तुरुंगात झाली. त्यात 174 बायका होत्या. जयपाल आत गेल्या आणि जवळपास तीन तास त्यांच्यात बसल्या. बाहेर येऊन त्यांनी जे सांगितलं ते आजही वाचवत नाही. शेजारच्या खोलीतून आपल्या लेकरांचं रडणं काही जणींना ऐकू येत होतं. निरोप घ्यायलाही कुणी दिलं नव्हतं. लेकरू कुठे नेलं, कधी भेटेल, काही ठाऊक नाही. हाल हाल झालेल्या, आपला देश सोडून आसरा मागायला आलेल्या या बायका.

कुठल्याही देशाला आपली सीमा राखायचा अधिकार आहे. तो मला मान्य आहे, तुम्हालाही असेल. पण आईच्या कडेवरचं मूल काढून घेणं म्हणजे सीमा राखणं, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

त्याच महिन्याच्या 28 तारखेला अमेरिकी सिनेटच्या एका इमारतीत शेकडो बायकांनी धरणं धरलं. अंगावर चंदेरी पन्नीच्या चादरी घेऊन त्या फरशीवर बसल्या. सीमेवरच्या छावण्यांत मुलांना अशाच चादरी दिल्या जात. सुमारे 575 जणींना अटक झाली. त्यांत खासदार जयपालही होत्या. दोनच दिवस आधी सॅन डिएगोच्या न्यायाधीशांनी मुलं परत करण्याचा हुकूम दिला होता. तो खटला उभा राहिला होता काँगोहून आलेल्या एका आईच्या अर्जावर.

श्रोतेहो, सिएटलच्या तुरुंगातली ती आई आणि न्यू जर्सीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली आपली मुलगी यांच्या हालांची मी तुलना करत नाही. ती होऊच शकत नाही. तरी कायद्याचा पाया दोघींच्या बाबतीत सारखाच आहे: तो लिहिताना बाई डोळ्यांपुढे नव्हती. जयपाल यांचं काम मला तिथे महत्त्वाचं वाटतं.

आपल्या हजारो मुली एच-4 व्हिसावर जातात. नवरा एच-1बीवर, बायको त्याची अवलंबित. शिकलेली असते, पुण्यात-नाशकात चांगली नोकरी सोडून गेलेली असते. तिथे पोचल्यावर कळतं की नोकरीची परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांकही नाही. 2015 पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला. अट अशी की नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्याला पोचलेलं हवं. पुन्हा नवऱ्याचंच प्रकरण! त्यात दर वर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला सात टक्के ही मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग कैक वर्षांची. माझ्या ओळखीतली ठाण्याची एक आई मला म्हणाली, "लेक सुखात आहे हो, पण तिच्या नावावर तिथे लायब्ररीच्या कार्डाशिवाय काही नाही."

ही सुखात असलेल्या मुलीची गोष्ट. नवरा हात उचलणारा निघाला तर? पासपोर्ट त्यानं कुलपात ठेवला तर? 'तुला परत पाठवून देईन' हे वाक्य तिथे खरोखरचं हत्यार असतं. मारहाण करणारा नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर 1994 च्या कायद्यानं बाईला त्याच्या नकळत स्वतःचा अर्ज करता येतो. एच-4 वरच्या बाईला ती वाट नव्हती. तिला निदान कामाचा परवाना मिळावा अशी तरतूद 2005 च्या दुरुस्तीत आली, आणि त्या तरतुदीचा अर्ज छापून हातात पडायला 2017 लागलं. बारा वर्षं! एक फॉर्म निघायला.

मधल्या काळात या बायकांना आधार कुणी दिला? आपल्याच माणसांनी. न्यू जर्सीत 1985 साली मानवी ही संस्था निघाली, न्यूयॉर्कला 1989 मध्ये सखी, कॅलिफोर्नियात 1991 मध्ये मैत्री. दक्षिण आशियाई बायकांनी दक्षिण आशियाई बायकांसाठी काढलेल्या. आपली महाराष्ट्र मंडळं गणपती, दिवाळी अंक, नाटकं फार हौसेनं करतात, त्याचं मला कौतुक आहे. पण गणपतीच्या मांडवात या संस्थांचा फोन नंबर लिहिलेला एक फलक लावायला किती खर्च येतो? काही मंडळी म्हणतात, घरच्या भानगडी चव्हाट्यावर कशाला. समाजाची अब्रू जाते म्हणे. मार खाणाऱ्या मुलीनं गप्प बसून राखलेली अब्रू मला तरी नको.

आणखी एक गोष्ट. 2019 मध्ये जयपाल आणि तेव्हाच्या सिनेटर कमला हॅरिस यांनी घरकामगारांच्या हक्कांचं विधेयक मांडलं. अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा 1938 चा, पण घरकाम करणाऱ्या बायका त्यात घ्यायला 1974 उजाडलं, आणि घरातच राहून काम करणारीला जादा तासांचा जादा पगार तेव्हाही नाकारला गेला. यांतल्या कितीतरी जणी परदेशातून आलेल्या. विधेयक मंजूर झालेलं नाही. आपल्याकडे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. भांडी घासणाऱ्या किती मावशींपर्यंत तो पोचला, हे ज्यानंत्यानं आपल्या घरी विचारून पाहावं.

जयपाल ज्या अमेरिकी प्रतिनिधिगृहात आहेत, त्याच सभागृहात बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2023 पासून आहेत, म्हणजे मराठी जाणणारा माणूस तिथे पोचला आहे. तिथल्या मराठी मतदारांनी आपल्या प्रतिनिधींना पत्रं लिहावीत, एच-4 चा विषय काढावा. नवऱ्यानं नव्हे, बायकोनं सही करून लिहावीत.

आणि इथे बसून आपण काय करावं? मुलीचं लग्न ठरलं की हॉल बघतो, केटरर बघतो. तेव्हाच तिचा व्हिसा कोणता, त्यावर नोकरी करता येते का, हे तिच्यासमोर बसून विचारा. पासपोर्ट, व्हिसाचं पान, लग्नाचा नोंदणी दाखला यांच्या प्रती माहेरी ठेवा आणि तिच्या ईमेलमध्येही. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहील, हे दोन्ही घरांत मोकळेपणानं बोला. अनिवासी भारतीयांशी लग्न झालेल्या बायकांच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष घेतो, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर माहेरच्या माणसांनाही तक्रार नोंदवता येते.