गोदी गेली, जमीन कोणाची?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंद पडलेल्या गोद्यांच्या जमिनीचे पुढे काय करायचे, हा आजचा विषय आहे. यात रेल्वेवाल्यांचा आणि टपालवाल्यांचा काय संबंध, असे काहींना वाटेल. म्हणून आधी आपले नाते सांगतो. १८६८ पासून १९१४ पर्यंत मुंबईला येणाऱ्या बोटीवरच विलायती टपालाची वर्गवारी होत असे. ते समुद्रावरचे पोस्ट ऑफिसच होते. बोट धक्क्याला लागेपर्यंत थैले गाड्यांत चढवण्याच्या तयारीत असत. पुढे बॅलार्ड पियरला बोटीच्या शेजारीच स्टेशन झाले आणि तिथून मेल गाड्या सुटू लागल्या. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ साली सुरू झाली. त्याच्या आधीच, १९१० मध्ये, कुर्ल्याहून हार्बर मार्ग रे रोडपर्यंत आला होता. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, तीही व्ही.टी. ते कुर्ला याच मार्गावर. मुंबईचा पूर्व किनारा गोदी कामगाराने उभा केला, आणि त्याच्या बरोबरीने आपल्या मागच्या पिढ्यांनीही.

ही गोदी ओस का पडली? कामगार आळशी झाला म्हणून नाही. माल कंटेनरमध्ये भरून येऊ लागला, हे खरे कारण. पूर्वी एक बोट रिकामी करायला टोळ्या दिवसच्या दिवस राबत. पोती, गासड्या, पिंपे सगळे माणसाच्या पाठीवरून आणि यारीच्या आकड्यावरून जाई. कंटेनरला माणसे थोडी लागतात. पण पाणी खोल लागते आणि मोकळे मैदान अफाट लागते. शहराच्या पोटातल्या जुन्या गोद्यांकडे हे दोन्ही नव्हते. म्हणून लंडनच्या गोद्या १९६७ पासून एकेक करून बंद होत १९८१ पर्यंत संपल्या. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबई बंदरातला माल खाडीपलीकडे जाऊ लागला. मुंबई बंदर पूर्ण बंद पडलेले नाही, हे ध्यानात ठेवा. पण मैलोन्‌मैल गोदामे आणि साइडिंग रिकामी झाली.

मग अशा जमिनीचे काय होते? लंडनमध्ये एकाच नदीच्या काठावर याची दोन उत्तरे मिळाली. ती जरा सविस्तर सांगतो, कारण आपला वाद त्यातूनच समजेल.

पहिले उत्तर डॉकलँड्सचे. १९८१ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तिथे एक विकास महामंडळ नेमले. निवडून आलेल्या स्थानिक नगरसभांकडून आराखडे मंजूर करण्याचे अधिकार काढून महामंडळाला दिले. सार्वजनिक मालकीच्या जमिनीही त्याच्याकडे सोपवल्या. वेस्ट इंडिया गोदीच्या भागात १९८२ पासून दहा वर्षे स्थानिक कर माफ केले. तिथे कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे उभे राहिले. तो बांधणारी कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली, मनोरे मात्र राहिले. नवी घरे बहुतेक विक्रीची होती. गोदी कामगाराच्या मुलाला ती परवडणारी नव्हती. लोक गप्प बसले नाहीत. रॉयल डॉक्सच्या रहिवाशांनी १९८३ साली स्वतःचा ‘लोकांचा आराखडा’ तयार केला. त्यात भाड्याची घरे होती, रोजगार होता, पाळणाघरेही होती. १९८४ साली होड्यांचा ताफा घेऊन ते थेट पार्लमेंटसमोर गेले. तरी १९८७ मध्ये तिथे विमानतळ झालाच. आराखडा चांगला होता, पण जमीन त्यांच्या हातात नव्हती. (त्याच वर्षी तिथे जी छोटी रेल्वे सुरू झाली ती बरीचशी जुन्या रेल्वेच्या कमानींवरूनच धावते. रूळ उखडले तरी मार्ग राखला तर तो कामाला येतो, एवढे आपल्या लोकांनी टिपून ठेवावे.)

दुसरे उत्तर तिथून नदीने थोडे वर, दक्षिण काठावरच्या कॉइन स्ट्रीटचे. शतकाच्या सुरुवातीला त्या भागात सुमारे ५० हजार माणसे राहत. १९७० च्या सुमारास चार हजार उरली. शाळा, दुकाने बंद पडत होती आणि बिल्डरांना तिथे कचेऱ्यांची रांग उभी करायची होती. १९७७ पासून रहिवाशांनी सात वर्षे लढा दिला. दोन सरकारी चौकशा झाल्या. शेवटी बिल्डरने आपला हिस्सा लंडनच्या महानगर परिषदेला विकला. १९८४ साली परिषदेने सगळी १३ एकर जमीन रहिवाशांच्या संस्थेला १० लाख पौंडांना दिली. नदीकाठची जागा इतकी स्वस्त कशी? कारण परिषदेने कागदात अट घातली होती: इथे परवडणारी घरे, बाग, छोटे उद्योग आणि दुकाने यांखेरीज काही बांधायचे नाही. अट पडताच किंमत उतरली. साथींनो, सगळी मेख इथे आहे. जमिनीचा भाव आभाळातून पडत नाही. तिथे काय बांधायला परवानगी आहे, त्यावर तो ठरतो.

संस्थेकडे सुरुवातीला पैसा नव्हता. तिने मोकळ्या जागांवर गाड्या उभ्या करू देऊन भाडे घेतले आणि त्यातून कामाला हात घातला. पुढे चार सहकारी संस्थांत मिळून २२० भाड्याची घरे, बाग आणि नदीकाठचा चालण्याचा रस्ता झाला. तिथला ऑक्सो टॉवर मुळात टपाल खात्याचे वीजघर होता! नंतर मांसाचा अर्क बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला, आणि १९९६ साली त्यात ७८ घरे, कारागिरांचे गाळे आणि गच्चीवर एक महागडे हॉटेल झाले. श्रीमंताच्या जेवणाच्या भाड्याचा हातभार सामान्यांच्या उपक्रमाला लागतो. याच संस्थेने पुढे एका जागेवर खाजगी फ्लॅटचा उंच मनोरा बांधायचे ठरवले तेव्हा त्यावरही वाद झालेच. स्वर्ग कुठेच नसतो. पण जमीन हातात असली की वाद आपल्या घरात होतो, एवढा फरक.

लंडनचे लंडनला, असे म्हणाल तर गिरणगाव आठवा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार होते. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत चांगला नियम होता: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमाचे शब्द बदलले. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याचीच, असे ठरले. शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर गेली. हायकोर्टाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. घरांसाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज दीड लाखाच्या घरात आणि २०१२ च्या सोडतीत घरे सात हजारांच्या आत. एका पोटकलमाने एवढे केले. आपण मोर्चे मोठे काढले, पण राजपत्र वाचणारा माणूस वेळेवर ठेवला नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्व किनाऱ्यावर अजून सगळे हातचे गेलेले नाही. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतची ही जमीन खाजगी मालकाची नाही, सार्वजनिक आहे. ती विकत घ्यायची नाही, विकू द्यायची नाही. २०१४ साली राणी जाधव समिती नेमली गेली. २०१८ साली बंदराच्या सुमारे साडेनऊशे हेक्टर जमिनीसाठी पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले. २०२१ च्या कायद्याने ट्रस्टचे नावही गेले, आता ते ‘प्राधिकरण’ आहे. म्हणजे मालकही तेच आणि आराखडा करणारेही तेच. डॉकलँड्सच्या महामंडळाची आठवण होते की नाही?

आणि ही जमीन ओसाड म्हणतात, ती ओसाड कुठे आहे? भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा बाजार भरतो, रेवस-मोऱ्याच्या लाँचेस सुटतात. दारूखान्यात जहाजे तोडणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. कौला बंदर, रे रोड, शिवडीला हजारो कुटुंबे राहतात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, शेकडो माणसे गेली, आग विझवणारे जवान गेले. आज ती गोदी बुजवून टाकलेली आहे. बाजूच्या रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव आहे. नकाशावर मात्र हा सगळा पट्टा ‘विकासयोग्य’ रंगात रंगवला जातो.

आता अवघड प्रश्न. गोदी कामगारच म्हणतो, बंदराला हजारो जणांचे पेन्शन द्यायचे आहे. जमीन विकून पैसा आला तर तुमचे काय गेले? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्याचे पोट त्यावर आहे. पण पेन्शन हे मालकाचे देणे आहे, ते दहा ठिकाणी हिंडून गोळा करायचे दान नाही. आणि जमीन एकदाच विकता येते; भाडे दर महिन्याला येते. जागा भाडेपट्ट्याने द्या, मालकी सार्वजनिक ठेवा. कुठे किती घरे, कुठे बाग, कुठे कोळ्यांची जाळी वाळवायची जागा, ही अट पट्ट्याच्या कागदातच घाला. जिथे बंदर रेल्वेचा पट्टा शिल्लक आहे तिथे तो तोडू नका. उद्या त्यावरून लोकांची गाडी जाऊ शकते.

हे सगळे आपल्याही दारात आले आहे. २००५ च्या रेल्वे दुरुस्ती कायद्याने रेल्वेच्या रिकाम्या जमिनी व्यापारी कामासाठी विकसित करायला स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. जुने यार्ड, गुड्स शेड, वसाहतीतल्या मोडकळीस आलेल्या चाळी यांची यादी कोणीतरी करतेच आहे. ती आपणही करू या, मग नागपूर असो, भुसावळ असो, की हुबळी, इंदूर. तारघरे २०१३ साली बंद झाली. त्या इमारतींत आज काय आहे, हे आपल्या शाखेत कोणी सांगू शकेल का?

प्रत्येक शाखेने एक वही घालावी. जागा कोणती, किती, कागद कोणाच्या नावावर, पट्टा कधी संपतो, तिथे आज कोण राहते किंवा काम करते. कचेरीत सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात विचारा. केंद्र सरकारच्या खात्याकडे अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि त्यासाठी लागणारी पोस्टल ऑर्डर आपल्याच खिडकीवर मिळते.