पहिल्या आठ दिवसांचा पगार

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ले-आउटमध्ये रस्ते कसे झाले, बोअरला पाणी कितव्या खोदाईला लागलं, हे अध्यक्षांनी सांगितलंच आहे. मी सभागृहाच्या मागच्या खोलीबद्दल, म्हणजे आपल्या पाळणाघराबद्दल बोलणार आहे. मी सचिव असताना तिथे एक चूक झाली. ती संस्थेच्या कोणत्याही इतिवृत्तात नीट लिहिलेली नाही, आणि तेव्हा इतिवृत्त मीच लिहीत होतो.

सुरुवातीची बरीच वर्षं पाळणाघर एका मावशींच्या जिवावर चाललं. तुमच्यापैकी जे आज इंजिनिअर होऊन पुण्याहून आले आहेत, त्यांची नाकं त्यांनीच पुसली आहेत. कोणत्या पोराला शेंगदाणा चालत नाही, कोण पालथं झोपतं, कोणाच्या आईची ड्युटी संध्याकाळी सातला संपते, सगळं मावशींच्या डोक्यात. कागद एकही नाही. आम्ही समितीत मोठ्या अभिमानाने म्हणायचो, आपल्या मावशींना काही सांगावं लागत नाही!

मग मावशींचे गुडघे गेले. अर्धा दिवस येईन म्हणाल्या. गावातलीच एक बारावी झालेली मुलगी आम्ही कामावर ठेवली. सोमवारी सकाळी मी तिला किल्ली दिली, मोरी दाखवली, चौदा मुलं मोजून दिली आणि "काही लागलं तर आवाज दे बाई" म्हणून घरी येऊन पेपर वाचत बसलो. रुजू करून घेणं म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला एक तरुण मोटरसायकलवर आला. मी अमक्याचा मामा आहो म्हणाला. साडेतीन वर्षांचं पोरगं त्याला पाहून हसलं. तिने दिलं. साडेपाचला आई न्यायला आली तर मूल नाही. भावाचा फोन लागेना. आपल्या गावातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, ट्रकांची रांग तुटत नाही, आणि ती बाई अनवाणी बसस्टँडकडे धावत सुटली. सव्वा तास गेला. मामा खरंच मामा होता. भाच्याला जिलेबी खाऊ घालून, हात चिकट करून घेऊन आला. पोरगं खुशीत होतं. त्याच्या आईचा चेहरा मात्र मला अजून आठवतो.

रात्री समितीची तातडीची सभा बसली. मुलीला काढून टाका, यावर सगळ्यांचं एकमत. तिला बोलावलं. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काकाजी, कोणाच्या हाती पोट्टं द्याचं अन् कोणाच्या नाई, हे मले कोणी सांगतलं होतं का?"

मी बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. नवा कारकून आला की पहिल्या दिवशी त्याच्या हाती आम्ही कॅश देत नसू. तिजोरीला दोन किल्ल्या, एक हेड कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे, एकट्याने उघडताच येत नाही. चार्ज देता-घेताना नोटा मोजायच्या, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत कोणी घरी जात नसे. आणि इथे चौदा पोरं मी एका किल्लीवर देऊन टाकली होती. मी सभेत सांगितलं की चूक सचिवाची आहे. मुलीची नोकरी राहिली. इतिवृत्तात मात्र मी "चर्चा होऊन योग्य त्या सूचना देण्यात आल्या" एवढंच लिहिलं. ते आज दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या अंगणवाडीच्या सेविकेकडे गेलो. आपण त्या बायांना खिचडीवाल्या समजतो. त्यांच्याकडे कामाची वाटणी किती स्पष्ट आहे, ते तिथे कळलं. वजन घेणं, नोंदी, गृहभेटी, शिकवणं हे सेविकेचं. स्वयंपाक, स्वच्छता, मुलांना घरून आणणं हे मदतनिसाचं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आपल्या विदर्भात मेळघाटातल्या धारणीला. सेविकेच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम तेव्हा २६ कामकाजी दिवसांचा होता. अर्थात कागदावर वाटणी असली तरी पुढे कोणीही यावं आणि त्यांच्या गळ्यात आणखी एक सर्वेक्षण बांधावं, हे चालतंच. ती सेविका हसून म्हणाली, "आमचं काम कोणतं ते सांगता येते, कोणतं नाई ते सांगता येत नाई."

'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांचा. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बालवाडीत मुलं येत नाहीत तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावं, ही त्यांची कल्पना. आणि इथून दीड तासावर सेवाग्रामला शांताबाई नारुलकरांनी नई तालीमच्या पूर्व-बुनियादी वर्गात लहान मुलांना शिकवलं. लहान मुलं सांभाळणं हे शिकावं लागतं, हे आपल्या जिल्ह्यात इतक्या वर्षांपूर्वी ठाऊक होतं, आणि मी "काही लागलं तर आवाज दे" म्हणत होतो.

घरी येऊन मी नियमावली लिहिली. चार पानं, सत्तावीस कलमं, "सदर कर्मचाऱ्याने" वगैरे. मुलीने न वाचता सही केली. मावशींनी मात्र ती वाचून घ्यायला लावली आणि विचारलं, "हे कोणासाठी लिवलं, साहेब? पोरीसाठी का कोर्टासाठी?" मग दोघींना समोर बसवून त्यांच्याच शब्दांत एक पान झालं. ते अजून भिंतीवर आहे. ताई खोली सोडणार नाही. मोरीत न्यायचं काम मदतनिसाचं. रजिस्टरमध्ये नाव नाही त्याच्या हाती मूल नाही, तो कोणीही असो. ताप आला तर आधी आईला फोन, औषध आपल्या मनाने नाही. आणि शेवटची ओळ मावशींनी घालायला लावली: समितीचा चहा करणं हे पाळणाघराचं काम नाही. तोवर आमच्या प्रत्येक सभेचा चहा मुलांना सोडून त्याच करत होत्या, आणि आम्ही तो पीत होतो.

खरी लढाई झाली ती पैशावर. नव्या बाईने पहिले आठ दिवस एकटीने काहीच करायचं नाही, नुसतं जुन्या बाईजवळ बसायचं, मुलांची नावं, सवयी, आजार शिकायचे, मुलांनाही तिची ओळख होऊ द्यायची, असं आम्ही ठरवलं. म्हणजे आठ दिवस एका कामाचे दोन पगार. सर्वसाधारण सभेत एक सभासद उठले, "बसून राहायचे पैसे कशाचे?" मी उत्तर देणार, तेवढ्यात त्या पोराची आई उभी राहिली. म्हणाली, माझ्या हिशेबात तो सव्वा तास आहे, तुम्ही तुमचे आठ दिवस मोजा. ठराव मंजूर झाला. खर्च कोणत्या खात्याला दाखवावा, यावर लेखापरीक्षकांशी पुढे दोन वर्षं पत्रव्यवहार झाला, तो वेगळा विषय.

त्या मुलीच्या हाताखाली आज मदतनीस आहे आणि नव्या बाईला आठ दिवस तीच शिकवते. माझी पद्धत तिने बदललीसुद्धा. पाचव्या दिवशी ती स्वतः बाहेर बसते आणि आतलं नुसतं ऐकते.

आता एक राहिलेलं काम. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. ग्रॅच्युइटीचा नियम दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागतो, आपल्याकडे दोघीच, त्यामुळे आपल्याला कोणी विचारणार नाही. मावशी गेल्या तेव्हा आपण त्यांना साडी-चोळी आणि नारळ दिला. टाळ्या खूप झाल्या. दोघींच्या नावाने दरमहा आवर्ती ठेव सुरू करावी, असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. व्याजाचा हिशेब सोबत जोडला आहे. पुढच्या सभेत तो विषय येईल, तेव्हा ज्यांची मुलं आता मोठी झाली त्यांनीही यावं.

आणि न्यायला येणाऱ्यांची नावं रजिस्टरमध्ये या महिन्यात पुन्हा लिहायची आहेत. मामांची लिहा, आजोबांचीही लिहा. गेल्या पावसात नातवाला आणायला गेलो तर माझं नाव नव्हतं, आणि छत्री घेऊन मी सून येईपर्यंत दारातच उभा होतो.