देवासमोर ‘सगळं छान’ म्हणायची गरज नाही

कसे आहात सगळे?

थांबा, उत्तर देऊ नका. उत्तर मला माहीत आहे. “प्रभूच्या कृपेने छान!” रविवारी उपासना सुटली की चर्चच्या दारात आपण सगळे हेच म्हणतो. हात मिळवायचा, हसायचं आणि पार्किंगकडे निघायचं. त्यात वाईट काही नाही. दारात उभं राहून कोणी आपली सगळी कहाणी सांगत बसत नाही. पण हेच वाक्य आपण घरी, दार लावून, एकट्याने प्रार्थना करतानाही म्हणायला लागलो तर? समोर देव आहे आणि आपण त्यालाही स्टेटस अपडेट देतोय, तर?

आजच्या भागात याच विषयावर बोलू. देवासमोर प्रामाणिक असणं म्हणजे काय, नम्र असणं म्हणजे काय, आणि मला ही दोन्ही एकच गोष्ट का वाटते.

सुरुवात एका गोष्टीपासून करू. संडे स्कूलमध्ये तुम्ही ती दहा वेळा ऐकली असेल. लूकच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परुशी, दुसरा जकातदार. परुशी उभा राहून देवाचे आभार मानतो की, मी इतरांसारखा नाही, लुटारू नाही, व्यभिचारी नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहतो, मान वर करत नाही, छाती बडवतो आणि एवढंच म्हणतो की, देवा, मी पापी आहे, दया कर. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

आता एक गोष्ट बघा. आपण सरळ म्हणून टाकतो, परुशी ढोंगी होता. पण गोष्ट नीट वाचली तर तो खोटं बोलतोय असं कुठेच म्हटलेलं नाही. तो खरंच उपास करत असेल. नियमशास्त्राने सक्तीचा उपास वर्षातून एकच दिवस सांगितला होता, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करतो. दशांशही देतो. त्याचा डेटा बरोबर आहे! आणि जकातदार? तो काही गरीब बिचारा नव्हता. त्या काळचे जकातदार परकीय सत्तेसाठी कर गोळा करायचे आणि वर जास्तीचं उकळून स्वतःची भर करायचे. त्याने मारलेली छाती अभिनय नव्हती, लोकांना त्याचा राग येण्यासारखंच तो करत होता.

मग बिघडलं कुठे? परुश्याने माप चुकीचं घेतलं. त्याने स्वतःला देवासमोर ठेवलंच नाही, जकातदाराच्या शेजारी ठेवलं. शेजारी कोणीतरी आपल्यापेक्षा वाईट उभा असला की आपण चांगलेच दिसतो. जकातदाराच्या प्रार्थनेत दुसऱ्या कोणाचं नावच नाही. देव आणि तो, एवढीच दोन माणसं. मला वाटतं नम्रतेची सगळ्यात साधी व्याख्या ही आहे: देवासमोर असताना तुलना संपते आणि जे आहे ते खरं खरं बोलता येतं. जास्त नाही, कमीही नाही.

‘कमीही नाही’ हे मुद्दाम म्हणतोय. कारण आपल्याकडे नम्रतेची एक फॅशन आहे. कोणी गाणं छान म्हटलं म्हणून कौतुक केलं की लगेच, “नाही हो, मी कोण, मी तर धूळ आहे.” मनात मात्र, अजून थोडं बोला! स्वतःला मुद्दाम खाली पाडून बोलणं हेही खोटंच.

खरी नम्रता कशी दिसते? त्यासाठी आपल्या महाराष्ट्राच्याच एका बाईंकडे बघू. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. संस्कृतवर असं प्रभुत्व की कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिका, तिथे व्याख्यानं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत गाजलेलं पुस्तक. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. म्हणजे नाव, काम, कीर्ती, सगळं होतं.

आणि या बाई पुढे आपल्या साक्षीत काय लिहितात? माझ्या शब्दांत सांगतो: बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅसलॅम नावाच्या एका इंग्लिश पाळकांचं आत्मकथन वाचताना हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. हे पाळकही वर्षानुवर्षं उपदेश करत होते, आणि नंतर त्यांना कळलं की आपलं स्वतःचंच मन बदललेलं नाही.

हे मान्य करायला काय लागलं असेल, विचार करा. रमाबाईंच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. विरोधक टपलेले. ज्यांच्या देणग्यांवर काम चालायचं ते इंग्लंड-अमेरिकेतले लोक बघतायत. अशा वेळी गप्प राहणं किती सोपं होतं! कोणाला कळणार होतं? पण १९०७ मध्ये त्यांनी ही साक्ष छापली.

दुसरी बाजू तर मला जास्त आवडते. रमाबाईंनी आपलं पांडित्य नाकारलं नाही, “मी कोण” म्हणत बसल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. कसलं मराठी? साधं, शाळा न शिकलेल्या बाईलाही कळेल असं. संस्कृतची पंडिता, जिला एकेक अवघड शब्द सहज सुचला असता, ती सोपा शब्द शोधत वर्षानुवर्षं बसली. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्ञान लपवणं सोपं आहे, मिरवणं त्याहून सोपं. ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल इतकं खाली वाकवणं कठीण. ती नम्रता.

आता आपल्याकडे येऊ. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी मोठी सिस्टिम बंद पडली की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात: काय झालं, कधी झालं, कोणी कोणती कमांड चालवली. चांगल्या टीममध्ये एक नियम असतो, लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. का? कारण नोकरी जायची भीती असेल तर माणूस खरं लिहीतच नाही. “नेटवर्कचा प्रॉब्लेम होता” असं काहीतरी गोलमाल लिहितो, आणि पुढच्या महिन्यात तीच सिस्टिम पुन्हा पडते.

मला कृपा हा शब्द असा कळला. जकातदार इतकं खरं का बोलू शकला? कारण त्याने दयेवर भरवसा ठेवला. जिथे दया आहे तिथेच खरं बोलता येतं. आपल्याला वाटतं, आधी मी सुधारतो, मग देवासमोर जातो. क्रम उलटा आहे. तो आधीच आपलं ऐकायला तयार आहे, म्हणून आपण खरं बोलू शकतो.

पण या उदाहरणाची एक मर्यादा सांगायला हवी. आमच्या पोस्टमॉर्टेममध्ये शेवटी दोष सिस्टिमचा असतो, माणसाचा नाही. जकातदाराने असं म्हटलं नाही की रोमी करव्यवस्थाच वाईट आहे, मी काय करणार. तो ‘मी’ म्हणाला.

आणि खरं बोलणं म्हणजे फक्त पापाची कबुली नाही. दुःख, राग, शंका, हेही त्यात आलं. स्तोत्र ८८ कधी वाचलंय? आज वाचा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कोणीतरी देवाला उद्देशून इतकं काळं लिहिलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते प्रार्थना म्हणून जपलं. खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत आधी स्वतःची खरी इच्छा सांगितली, हा प्याला टळू दे. बापाच्या इच्छेला हो म्हणणं त्याच्या नंतर आलं. आपण मात्र पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतो, कारण ते जास्त आध्यात्मिक वाटतं.

माझ्या ओळखीत एक मुलगा आहे. नाव नाही सांगत. त्याची नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घ्यायचा, लॅपटॉपची बॅग लावायची आणि एका अभ्यासिकेत जाऊन बसायचं. रविवारी उपासनेत गिटारही वाजवायचा. कोणी विचारलं की, “प्रभूच्या कृपेने छान.” तीन महिने! मग एका शुक्रवारी तरुणांच्या प्रार्थनासभेत त्याची पाळी आली आणि तो म्हणाला, “मला नोकरी नाही. मला देवाचा राग येतोय. मी आज प्रार्थना करणार नाही.”

खोलीत शांतता. कोणाला काय बोलावं कळेना. सभा ज्यांच्या घरी होती त्या काकूंनी फक्त विचारलं, “घरी माहीत आहे का, बाळा?” तो नाही म्हणाला. काकू म्हणाल्या, “मग आधी ते.” त्याच रात्री त्याने वडिलांना सांगितलं. नोकरी लगेच लागली का? नाही, अजून पाच महिने गेले. पण पुढच्या शुक्रवारी आणखी दोघं बोलली. एकीने सांगितलं की ती महिनोन्‌महिने प्रार्थनाच करू शकलेली नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्षी होतात ना, त्यांचा काळ कोणता असतो? भूतकाळ. “मी असा होतो, मग प्रभूने मला सोडवलं.” हे सुंदर आहेच. पण “मी आज असा आहे” असं म्हणायला जागाच नसेल, तर आजचा माणूस कुठे जाणार?

आता थोडं टोचेल असं बोलतो. प्रामाणिकपणा प्रार्थनेत सुरू होतो, पण तिथेच थांबला तर तो खरा होता का, हा प्रश्न पडतो. लूकच्या पुढच्याच अध्यायात, १९ व्या, आणखी एक जकातदार भेटतो: यरीहोचा जक्कय. येशू त्याच्या घरी जातो. शास्त्रात येशूने त्याला पैशांबद्दल काही विचारल्याचं लिहिलेलं नाही. जक्कय आपणहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. नियमशास्त्रात कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं होतं. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्याचा पश्चात्ताप हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचला.

आपली हिशेबाची वही कोणती? रेझ्युमे. आमच्या क्षेत्रात पैसे देऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र मिळतं, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि मग त्या नोकरीबद्दल, “देवाने दार उघडलं,” अशी साक्ष. दार कोणी उघडलं ते आपल्याला माहीत असतं! टाइमशीटमध्ये न केलेले तास. ज्युनियरने केलेलं काम स्वतःच्या नावावर. मी इथे न्यायाधीश म्हणून बसलेलो नाही, आणि ऐकणाऱ्यांमध्ये कोणावर किती कर्ज आहे, घरून किती दबाव आहे, मला माहीत नाही. एवढंच म्हणतो, की ही गोष्ट प्रार्थनेच्या बाहेर ठेवू नका. त्यावर पांघरूण घालून आभार मानू नका. तिथूनच बोलायला सुरुवात करा. पुढचं पाऊल काय, ते त्यातून दिसेल. ते महागही पडू शकतं. जक्कयलाही पडलं.

या आठवड्यासाठी एक छोटा प्रयोग. रोज रात्री फोन बाजूला ठेवा आणि देवाशी एकच वाक्य बोला. तीन अटी. वाक्य वर्तमानकाळात हवं. ते स्वतःबद्दल हवं. त्यात तुलनेसाठी दुसऱ्या कोणाचं नाव नको. “मला भीती वाटतेय.” “मला तिचा हेवा वाटतो” असं असेल तर हेव्याबद्दल बोला, तिच्याबद्दल नको. “आज मी खूश आहे,” हेही चालेल, खरं असेल तर.

आणि हो, देवासमोर प्रामाणिक असणं म्हणजे सगळं इन्स्टाग्रामवर टाकणं असा अर्थ काढू नका. एक विश्वासाचं माणूस पुरे. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ कबुली द्या असं सांगितलंय, सगळ्या जगाजवळ नाही. आणि मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तेही खरं बोलणंच आहे, आणि त्याने विश्वास कमी होत नाही.

तर पुढच्या रविवारी चर्चच्या दारात कोणी “कसा आहेस?” विचारलं, तर “छान” म्हणालात तरी हरकत नाही. फक्त त्याआधी, आत, देवाला खरं उत्तर दिलेलं असू दे.

भेटू पुढच्या भागात. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. जय ख्रिस्त!